चाळीस रकाने

माझ्या ताईला सगळे विसरभोळी म्हणतात. दूध गॅसवर ठेवून ती अंघोळीला जाते, चष्मा डोक्यावर चढवून घरभर चष्मा शोधते, आणि माझा वाढदिवस तर तिला उभ्या जन्मात कधी आठवलेला नाही. पण एक बाई आणि त्या बाईनं लिहिलेली एक ओळ तिनं बारा वर्षं लक्षात ठेवली. खरं सांगायचं तर मीही ठेवली. ती अभ्यास करून ठेवत होती आणि मी नुसत्या शिव्या घालून, एवढाच काय तो फरक.

आधी ताई कोण ते सांगते, नाहीतर रागाच्या भरात मी भलतीकडूनच सुरुवात करीन. ताई वजनकाट्यावर कारकून होती. गोदामांच्या रस्त्यावर जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी काटा, त्यावर ट्रक चढतो, शेजारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये आकडा उमटतो आणि तो ताई लिहून घेते. भरलेला किती, रिकामा किती. ड्रायव्हर लोक महाबिलंदर. कोणी मागचं चाक काट्याबाहेरच ठेवणार, कोणी क्लीनरला मागे लोंबकळायला लावणार, कोणी लाडीगोडी लावणार, "ताई, कालचाच ट्रक, कालचाच माल, कालचाच आकडा टाका की!" ताई ढिम्म. "चढव. थांब. तू खाली उतर." आकडा स्थिर झाला की लिहायचा आणि पेनाच्या बुडानं पत्र्यावर दोनदा टकटक करायचं. टकटक झाली की ट्रकनं निघायचं. बावीस वर्षं तिनं हेच केलं. डोळ्यांना दिसलेला आकडा लिहिला, कोणी तोंडानं सांगितलेला लिहिला नाही.

तिची मुलगी, आमची भुंगी, त्या केबिनमध्येच वाढली. भुंगी हे नाव मी ठेवलेलं, कारण पोरगी सतत एका सुरात गुणगुणायची. अडीच वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर बघेना, बसल्या जागी पुढेमागे डोलत राही. डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. भावोजी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. ताईनं एक वही आणली आणि लेक कशानं रडते, कशानं थांबते, ते लिहायला बसली. त्या वहीतूनच कळलं की गुणगुण म्हणजे भुंगीला कसली तरी धास्ती आहे, आणि ताईची ती टकटक कानावर पडली की गुणगुण बंद होते. टकटक म्हणजे आई इथंच आहे. मग दवाखाना असो की दुकान, ताई काहीतरी कडक शोधून दोनदा वाजवायची आणि पोरगी गप्प व्हायची.

भुंगी सात वर्षांची झाली तेव्हा तिला अशा मुलांच्या शाळेत घातली. तिथल्या मोठ्या बाई म्हणजे या विषयातलं बडं प्रस्थ. आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच ओरडतोय. अक्षर छापल्यासारखं. आठव्या दिवशी ताई कामावरून लवकर सुटली म्हणून शाळा सुटायच्या आधीच पोहोचली, तर भुंगी वर्गात नाही. मैदानात नाही. विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. ताईनं व्हरांड्यात उभं राहून कान दिला. गुणगुण येत होती, सामानाच्या खोलीतून. दाराला बाहेरून कडी होती. ताईनं आधी दारावर दोनदा टकटक केलं, आतली गुणगुण थांबली, मग तिनं कडी काढली. आत मोडकी बाकं, खडूंची खोकी आणि त्यांच्या मधोमध माझी भाची, ओल्या कपड्यांत बसलेली. शिपाईकाकांनी नंतर फाटकापाशी हळूच सांगितलं, चाळीस मिनिटं होती म्हणून.

ताईनं जाब विचारला तेव्हा मोठ्या बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचा त्रास मला समजतो. पण आईचं निरीक्षण आम्ही धरत नाही. आई आपलं मूल बघतच नाही हो, स्वतःला हवं ते बघते." आणि भुंगीच्या अहवालावर त्यांनी शेवटची ओळ लिहिली: 'मूल हिंसक. गटात शिक्षणास अयोग्य.' खाली झोकदार सही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी केस कापण्याचं दुकान चालवते, कात्री माझ्या हातातच असते, आणि त्या दिवशी ताईनं मला दुकानाबाहेर पडू दिलं नाही, हे त्या बाईचं नशीब.

ती ओळ म्हणजे नुसती शाई नव्हती. ज्या शाळेत जावं तिथं आधीचा अहवाल मागत. ओळ वाचली की चेहरे बदलत. ताईनं अकरा अर्ज केले, मुलीला पुन्हा एकदा बघा म्हणून. अकराही वेळा एकच उत्तर: अहवाल ज्या शाळेनं लिहिला तीच तो बदलू शकते, आणि फेरतपासणीची मागणी या विषयातली पदवी असलेल्या माणसानं करावी लागते. पालकांची विनंती ग्राह्य नाही. अकरावं उत्तर आलं त्या संध्याकाळी ताईनं ते घडी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, शेजारी ती ओळ असलेला अहवाल चिकटवला आणि मला म्हणाली, "आई म्हणून माझं ऐकत नाहीत ना? मग मी त्यांच्यातलीच एक होते. आणि तिच्या हाताची ओळ तिच्याच हातानं खोडायला लावते."

भावोजी म्हणाले, "सोड ना आता." भावोजी भला माणूस आहे, पण तो जन्मभर हेच म्हणत आलाय.

ताईकडे साधी पदवीही नव्हती. काट्याच्या केबिनमध्ये, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, टपालानं येणाऱ्या पुस्तकांवर तिनं ती केली. मध्ये दोनदा नापास झाली. रोज सकाळी कपाट उघडायची, साडी काढता काढता ती ओळ वाचायची आणि कपाट लावायची. माझ्या घरात देवाचं नाव जितक्यांदा घेतलं जात नाही तितक्यांदा आम्ही दोघी त्या बाईचं नाव घेत असू. बेचाळिसाव्या वर्षी ताईनं नोकरी सोडली आणि ऑटिझम असलेल्या विद्यार्थ्यांबरोबर काम करणाऱ्यांसाठी असतो तो दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला. वर्गात बाकी सगळ्या बावीस-तेवीसच्या मुली. पहिल्या दिवशी ताई आत शिरली तर त्या उभ्याच राहिल्या, त्यांना वाटलं शिकवणाऱ्या बाई आल्या.

शिकवणारे सर माझ्याहूनही लहान. पण माणूस सच्चा. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'चिडला' आणि 'पेन्सिल फेकली'. म्हणाले, "पहिलं तुमचं मत आहे, दुसरं तुम्हाला दिसलेलं आहे. कागदावर फक्त दुसरं लिहायचं." मग त्यांनी निरीक्षणाचा कागद वाटला. त्यावर चाळीस रकाने. कानात एक बटण घालायचं, ते दर पंधरा सेकंदांनी टीक करतं. टीक झाली की त्या पंधरा सेकंदांत मुलानं काय केलं ते एका रकान्यात लिहायचं. काम केलं, डोललं, आवाज काढला, उठलं, कुणाला मारलं, जे दिसेल ते. दहा मिनिटांत चाळीस रकाने. आणि खरी मेख पुढेच: एकाच मुलाला दोन माणसं बघतात, एकमेकांचा कागद न बघता. नंतर कागद शेजारी शेजारी ठेवायचे. चाळीसपैकी निदान बत्तीस रकाने जुळले तरच ते निरीक्षण खरं. नाही जुळले तर खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावून तिसरा माणूस कागद भरतो आणि कोण चुकलं ते ठरतं.

ताई घरी आली ती उडतच. "अगं, हा तर काटा आहे! नुसता काटा!" इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी तिला एका शाळेत पाठवलं. कुठल्या, ते सांगायला नकोच. वजन केल्यासारखी नेमकी तीच. आणि शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला बाहेरच्या परीक्षक म्हणून कोण, तर मोठ्या बाईच. म्हणजे परीक्षेत ताईनं आणि बाईंनी एकाच मुलाचा कागद भरायचा आणि ताईचे बत्तीस रकाने बाईंशी जुळायला हवेत.

बाईंनी ताईला ओळखलंही नाही. मला हे ऐकून जी तिडीक उठली ती अजून जात नाही. आम्ही बारा वर्षं त्यांच्या नावानं दात-ओठ खातोय आणि त्या विचारतात, "कुठून आलात आपण?" ज्या सामानाच्या खोलीत भुंगीला कोंडलं होतं तिचा आता 'निरीक्षण कक्ष' झाला होता. वर्गाच्या बाजूच्या भिंतीत मोठी काच बसवलेली. आतल्याला वर्ग दिसतो, वर्गातून बघणाऱ्याला नुसता आरसा. दार मात्र तेच, कडीही तीच. ताई रोज त्या कडीला हात लावून आत जायची.

शाळेत तिसऱ्या आठवड्यात ताईला एक गोष्ट दिसली. बाईंचा सकाळचा कागद टेबलावर होता आणि त्यावरच्या सलग सहा रकान्यांत दोनदा 'मारलं' लिहिलेलं होतं. ती वेळ ताईच्या लक्षात होती, कारण त्या दीड मिनिटात तो मुलगा संडासात होता आणि त्याला घेऊन ताईच गेली होती. मुलगा संडासात आणि कागदावर मारामारी! ताईनं मोबाइलवर फोटो काढला, स्वतःच्या वहीत वेळ लिहिली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गातल्या मुलींनी तिला बाजूला घेतलं. "काकू, एक गंमत सांगतो. बाई मुलाकडे बघतच नाहीत. त्यांच्या कागदावर दर तिसऱ्या रकान्यात 'मारलं' असतं, मध्ये मध्ये 'उठलं'. आम्ही सगळ्या तसंच लिहितो. डोळे मिटून लिहा, पस्तीस जुळतील."

ताईनं हे घरी सांगितलं तर मी म्हटलं, लिही! काय बिघडलं? आधी पास हो, उट्टं नंतर काढ. कारण वेळ उरला नव्हता. भुंगी एकोणीस वर्षांची होती. एका प्रशिक्षण केंद्रात अशा मुलांना खोकी बांधायचं, माल भरायचं काम शिकवत आणि पुढे कामाला लावत. भुंगीचे हात त्यात असे चालतात की बघत राहावं. पण केंद्राची अट होती, विसावं पूर्ण व्हायच्या आत प्रवेश, आणि अहवालावर तसली ओळ नको. हातात आठ महिने होते. ताई नापास झाली तर पुढची परीक्षा वर्षानंतर, म्हणजे केंद्राचं दार कायमचं बंद. मग भुंगीनं जन्मभर खिडकीत बसून डोलायचं.

"तिच्यासारखं लिहून मी पास झाले," ताई म्हणाली, "तर ती ओळ खोडायला जाणार कोण? तिच्यासारखीच आणखी एक?"

"अगं पण पोरीचा विचार कर!"

"त्याच पोरीचा करतेय. तू तुझ्या कात्र्या बघ."

मी चपला घातल्या आणि माझ्या घरी निघून आले.

परीक्षा झाली. सरांनी दोन कागद शेजारी ठेवले आणि मोजले. पुन्हा मोजले. चाळीसपैकी एकोणीस जुळले होते. बाईंनी मान हलवली. "मोठ्या वयात शिकायची हौस असते, कौतुक आहे. पण नजर तयार व्हायला वेळ लागतो हो."

ताई म्हणाली, "सर, बत्तीसच्या खाली गेलं की चित्रण लावायचं असतं."

सरांचा चेहरा पडला. बाईंच्या विरुद्ध आजवर कोणी चित्रण लावायला सांगितलं नव्हतं. "ताई, तशी पद्धत नाही इथं..."

"पद्धत नसेल. नियम आहे. पहिल्या महिन्यात तुम्हीच शिकवलात. माझ्या वहीत तारीख आहे, सांगू?"

सरांनी चित्रण लावलं आणि स्वतः तिसरा कागद भरला. ताईशी अडतीस रकाने जुळले. बाईंशी वीस. त्या दहा मिनिटांत त्या मुलानं कुणालाही बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि बाईंच्या कागदावर तेरा वेळा 'मारलं' होतं. मग ताईनं मोबाइल काढून संडासाच्या वेळेचा फोटो टेबलावर ठेवला.

बाई चिडल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना खरंच काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांचा अनुभव आहे मला. हे मूल काय करणार हे मला माहीतच असतं. प्रत्येक वेळी बघायला कशाला लागतं?"

"कालचाच ट्रक, कालचाच आकडा," ताई म्हणाली. कुणाला काही समजलं नाही. मला तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचले.

पुढे चौकशी समिती बसली. ताई पास झाली आणि बाईंचं परीक्षकपद गेलं. शाळेत राहायचं असेल तर निरीक्षणाचा भाग त्यांनी पुन्हा शिकायचा, अगदी नव्या विद्यार्थ्यांसारखा, असं ठरलं. त्यांच्या हातचे 'अयोग्य' लिहिलेले जितके अहवाल होते, तेवीस निघाले, ते सगळे दुसरा निरीक्षक बसवून पुन्हा तपासायचे. फेरतपासणीचा पहिला अर्ज आला त्यावर सही होती ताईची, खाली पदवीसकट. सरांकडे सराव घ्यायला माणूस कमी होतं, त्यांनी ताईला विचारलं. ताई एका पायावर तयार.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून कुणी मला दुष्ट म्हटलं तरी चालेल. ते दोन महिने आमच्या आयुष्यातले फार गोड दिवस होते. मोठ्या बाई कानात ते बटण घालून, गुडघ्यावर कागद ठेवून, त्याच सामानाच्या खोलीत बसायच्या, आणि ताई शेजारी उभी. "'हट्ट केला' हे दिसतं का बाई? काय दिसलं ते लिहा." बाई खोडायच्या. "खोडलेला कागद धरत नाहीत. नवा घ्या." एकदा तिनं त्यांना एका सकाळीत चौदा कागद लिहायला लावले. बाईंचा हात थांबला, नजर खाली गेली, रकाना चुकला की ताई पेनाच्या बुडानं टेबलावर दोनदा टकटक करायची. बाई दचकायच्या. मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून आधी ताईकडे जायची. "आज किती वेळा दचकली?" ताई आकडा सांगायची आणि आम्ही दोघी चहा प्यायचो. भावोजी उठून गॅलरीत जायचे.

एक दिवस बाईंनी तिला विचारलं, "तुमचा माझ्यावर काही राग आहे का?" ताई म्हणाली, "तेवीस अहवालांतला पहिला कुणाचा आहे ते वाचा." बाईंनी वाचलं. नंतर खोलीच्या दाराकडे, त्या कडीकडे पाहिलं. त्या दिवसापासून बाईंचे कागद सुधारायला लागले. ताईला ते आवडलं नाही, हे मी तिच्या तोंडावर वाचलं.

मग भुंगीची तपासणी आली. एक कागद बाईंचा, दुसरा सरांचा. दोघांचे बत्तीस रकाने जुळले आणि त्यांत मारहाण नाही निघाली की ओळ खोडायची, आणि ती बाईंनीच खोडायची. सरांनी ताईला आधीच सांगितलं होतं, "स्वतःच्या मुलीचं निरीक्षण धरत नाहीत. तुम्ही बाहेर थांबा." ताई ऐकेना. शेवटी ठरलं की ती आत बसेल, हवं तर कागद भरेल, पण तो मोजायचा नाही. कॅमेरा मात्र ताईनंच बंद ठेवायला लावला. त्याच्या लाल दिव्याला भुंगी घाबरते हे एक कारण. दुसरं तिनं मला सांगितलं: "कॅमेरा असला की ती म्हणेल, चित्रण बघून भरते. तिला डोळ्यांनीच बघायला लावणार मी."

भुंगीबरोबर वर्गात कोणीतरी ओळखीचं हवं होतं, म्हणून मी गेले. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. समोर सपाट पुठ्ठ्यांचा ढीग होता, भुंगीनं त्यांची खोकी करायची होती. भिंतीवर तो मोठा आरसा, त्यामागे ते तिघं. भुंगीला ती जागा आठवत असावी. आत आल्यापासून गुणगुण चढत चालली होती. ती डोलत होती, गुणगुणत होती, पण हात चालू होते. घडी, घडी, तळ, झाकण. एक खोकं झालं, दुसरं झालं. मी मनातल्या मनात म्हणत होते, लिही बाई, लिही, डोळे फाडून बघ आणि लिही.

निम्मा वेळ गेला असेल. भिंतीपलीकडून आवाज आला, अगदी बारीक. टकटक.

भुंगीची गुणगुण थांबली. हातातलं खोकं तिनं खाली ठेवलं, उठली आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. एकोणीस वर्षांत माझ्याही बघितलं नाही. आणि ती त्या काचेत बघत राहिली, न डोलता, न गुणगुणता. आरशातला तिचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता, डोळे भरून आले आणि पुढचं मला धड दिसलंही नाही. मग ती परत आली आणि पुढचं खोकं केलं. मला रडू आवरेना. मला वाटलं, वा गं ताई, काय नेमक्या वेळी वाजवलंस!

वेळ संपल्याची घंटा झाली. मी भुंगीचा हात धरून धावतच त्या खोलीत गेले. "बघितलंस ना गं? काय उभी राहिली तुझ्यासमोर! बघितलंस ना?"

ताईची खुर्ची काचेकडे पाठ करून होती. बाईंचं तोंड आणि बाईंचा हात नीट दिसावा म्हणून तिनं ती पहिल्या चार मिनिटांनंतरच फिरवून घेतली होती. ती टकटक भुंगीसाठी नव्हती. बाईंच्या पेनाला क्षणभर उशीर झाला होता, म्हणून तिनं टेबलावर वाजवलं होतं. भुंगी तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर येऊन उभी होती आणि ताई बाई कधी चुकतात ते बघत होती. एका कानात बटण, दुसऱ्या कानाला गुणगुण थांबल्याचंही कळलं नाही. मांडीवरच्या तिच्या कागदावर पहिले सोळा रकाने भरलेले होते आणि पुढचे चोवीस कोरे होते.

सरांनी दोन कागद जुळवले. सदतीस. "मारलं" एकदाही नाही. बाईंनी लाल पेन घेतलं, जुन्या अहवालावरच्या ओळीवर पट्टीनं रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. बारा वर्षं आम्ही ज्या क्षणासाठी जळलो तो समोर घडत होता आणि ताई तिकडे बघतही नव्हती. ती माझ्याकडे वळली. "किती वेळ उभी होती?"

मला काय सांगता येणार? मी रडत होते. "बराच वेळ," मी म्हटलं.

"बराच म्हणजे किती?"

ताई बाईंकडे वळली. मला वाटलं, आता ही बाई बोलणार. आई आपलं मूल बघतच नाही, म्हणणार. मी मूठ आवळून तयार होते, देवाशपथ. पण बाईंनी आपला कागद उचलला, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागल्या.

"एकविसावा रकाना. गुणगुण थांबली. उठली. बाविसावा, काचेपाशी आली. तेविसावा, उभी, काचेकडे बघते. चोविसावा, उभी, बघते. पंचविसावा..."

"हळू," ताई म्हणाली.

तिनं स्वतःचा कागद गुडघ्यावर सारखा केला होता. पेन उघडलं होतं. परीक्षेत मुलीचं आयुष्य पणाला लागलेलं असताना जिनं एक रकाना दुसऱ्याचा उतरवला नाही, ती माझी ताई त्या बाईच्या तोंडून ऐकून आपले कोरे रकाने भरत होती. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाई वाचत होत्या, ताई लिहीत होती आणि भुंगी माझा हात धरून डोलत होती.

"एकोणतिसावा," बाई म्हणाल्या, "उभी, बघते. हसली."

ताईचं पेन थांबलं. तिनं वर पाहिलं. "नक्की?"

"दिसलं ते लिहिलंय," बाई म्हणाल्या.

भुंगी आता केंद्रात जाते, रोज दीडशे खोकी करते. तो कागद ताईनं कपाटाच्या दाराला आतून लावलाय, जिथं ती ओळ होती तिथंच. ती रोज सकाळी साडी काढता काढता तो वाचते. मी त्या बाईला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. चाळीस मिनिटं तिनं घेतली, बारा वर्षं घेतली. आणि एकदाच, फक्त एकदाच, माझी भाची आईकडे बघून हसली, तर तेही त्याच बाईनं पाहिलं.